चार दिवसांची पाहुणी

कॉलर शिवणं म्हणजे पोरखेळ नाही. बाही जरा वाकडी गेली तर हात खाली सोडला की झाकली जाते. खिसा तिरका बसला तर त्यात रुमाल कोंबून वेळ मारून नेता येते. कॉलर मात्र तोंडाखालीच असते. तिचं एक टोक दुसऱ्यापेक्षा जरासं लांब झालं, की घालणारा साहेब असो की शिपाई, त्याचा चेहराच वाकडा वाटायला लागतो. आमच्या कारखान्यात गणवेशाचे शर्ट व्हायचे. शाळेच्या पोरांचे, पहारेकऱ्यांचे, बसच्या चालकांचे. त्या सगळ्यांच्या कॉलरी एकच बाई लावायची, आणि तिला सगळे कॉलरताई म्हणायचे. मालकसुद्धा.

मी काजांच्या मशीनवर. काजं म्हणजे शेवटी भोकंच, त्यात माझा आवाज खाली जिन्यापर्यंत जातो, म्हणून कॉलरताईनं माझं नाव भोकाडी ठेवलं होतं. मीही तिला सोडायची नाही. कॉलरीचं टोक सुईनं उकरून बाहेर काढताना ती जीभ बाहेर काढायची, लहान मूल पाटीवर अक्षर गिरवताना काढतं तशी. मी म्हणायचे, जीभ आत घे, नाहीतर तीही शिवून टाकशील. ती म्हणायची, टाकते की, तिचा मला तसाही काय उपयोग. मी ते हसण्यावारी न्यायचे.

तिच्या नवऱ्यानं दुसरी बाई घरात आणली होती आणि हिला म्हणाला होता, तूही राहा, तुला कोण नको म्हणतंय. ही राहिली नाही. एक पिशवी घेऊन भावाच्या दारात उभी राहिली. भाऊ वाईट नव्हता, हे तीच सांगायची आणि दर वेळी सांगायची. त्यानं तिच्या हातातली पिशवी घेतली. शेजारीण गॅलरीतून वाकून बघत होती, तर तिला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "पाहुणी आली आहे. चार दिवस राहील." बहिणीची अब्रू झाकायला म्हणूनच बोलला तो. पुढे त्या चार दिवसांची वीसेक वर्षं झाली, शेजारीण घर विकून निघून गेली, पण शब्द काही घरातून हलला नाही.

आता पाहुणीला कपाटात कप्पा कशाला हवा? तिचे कपडे पिशवीतच असतात. पाहुणी झोपणार आतल्या बोळात, आणि घर उठायच्या आधी अंथरुणाची वळकटी करून दारामागे उभी करणार. घराला रंग कुठला द्यायचा, मुलीला कुठल्या शाळेत घालायचं, हे पाहुणीला विचारून तिला त्रास कशाला द्यायचा? भांडी मात्र पाहुणी घासणार, भावाच्या शर्टांना इस्त्री करणार आणि पगार वहिनीच्या हातात ठेवणार. अशी पाहुणी मलाही चालेल, एक द्या पाठवून. घरी कुणी आलं की भाऊ ओळख करून द्यायचा, "ही आमची पाहुणी." येणारी माणसं तीच, वर्षानुवर्षं तीच, आणि तीही मान डोलवायची. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात ते खरं, पण या चुलीपाशी हिला बसायला पाट नव्हता.

म्हणून खिळ्याची गोष्ट सांगायला हवी. कामावर लागली त्याच आठवड्यात तिनं कटिंग मास्तरांकडून हातोडी मागून घेतली आणि खिडकीशेजारच्या भिंतीत, आपल्या मशीनच्या वर, पिशवी अडकवायला एक खिळा ठोकला. भिंतीला हात लावलेला मालकाला खपत नाही हे आम्हाला ठाऊक होतं. मालक आला, खिळा बघितला, आणि काही न बोलता त्याला आपली छत्री अडकवली. कॉलरताई उठली. छत्री काढून त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "हा माझा आहे." आम्ही सगळ्या जणी माना खाली घालून उगाच पायडल मारत बसलो. मालकाला हसू आलं म्हणून निभावलं. तो खिळा, त्याखालचं मशीन, दांड्याला लाल दोरा गुंडाळलेली कात्री आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा वेळ, एवढंच जगात तिच्या मालकीचं होतं. तेवढ्या वेळात ती कुणाची पाहुणी नसायची.

तिच्या भावाची मुलगी कॉलेजात शिकत होती. पोरगी चांगली, डोळे पाणीदार, आत्याच्या हाताखाली वाढलेली. तिच्या वर्गाला मॅडमनी संशोधनाला विषय दिला, जगभरातल्या स्त्रियांवर होणारी दडपशाही. चौघी मैत्रिणींचा गट झाला. एकीनं वाळवंटातला देश घेतला, एकीनं बर्फातला, एकीनं समुद्रापलीकडची बेटं. आमची भाची त्या दिवशी उशिरा पोचली, तोवर जग वाटून झालं होतं. मॅडम म्हणाल्या, मग तू आपल्या आसपासचं काहीतरी घे. पोरगी म्हणाली, आमच्याकडे कुठे असतं असलं काही? हे तिनंच मला हसत हसत सांगितलं होतं. त्या संध्याकाळी ती घरी गेली, दार ढकललं, तर ते नेहमीसारखं अर्धंच उघडलं. मागे वळकटी. रोजच अर्धं उघडायचं, त्या दिवशी मात्र ते तिच्या लक्षात आलं.

मग ती जेवणाच्या सुट्टीत कारखान्यात यायला लागली. फोन मध्ये ठेवायची, तो बोलणं टिपून घ्यायचा, आणि आम्ही दोघी डबा उघडून बसायचो. प्रश्न तिनं लिहून आणलेले असायचे आणि आत्याला त्यात 'तुम्ही' म्हणायची, कारण मॅडमनी तसं शिकवलं होतं. तुमच्या घरात निर्णय कोण घेतं, हा पहिला प्रश्न. कॉलरताई म्हणाली, तुझ्या घरात विचारतेस की माझ्या? पोरगी गोंधळली. मी हसले, पण मला हसू काही फार आलं नव्हतं.

असं करत करत कॉलरताई बोलत गेली. नवऱ्याचं बोलली, पिशवीचं बोलली, शेजारणीचं, कप्प्याचं, खिळ्याचंही. मी इतकी वर्षं शेजारच्या मशीनवर बसत होते आणि त्यातलं निम्मं मला नवीन होतं. शेवटी पोरीनं विचारलं, तुमच्यावर अन्याय होतो असं तुम्हाला वाटतं का?

"मला कुणी मारत नाही," कॉलरताई म्हणाली. मग डब्याचं झाकण लावता लावता म्हणाली, "पाहुणीवर कसला अन्याय? ती उद्या जायचीच असते. तिनं आज कशाला तक्रार करायची?"

पोरगी रडली. खोटं नाही सांगत, आत्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. नाव कुठेही येणार नाही असं तिनं पुन्हापुन्हा सांगितलं. ती गेल्यावर मी कॉलरताईला म्हटलं, हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नकोस. यावर ती काय म्हणाली ते मला अजून बोचतं. "मला आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं, भोकाडी. विचारलं की सांगावंसं वाटतं."

आपलेच दात आणि आपलेच ओठ, हे तिलाही कळत होतंच की.

पोरीनं शब्द पाळला, अगदी मन लावून पाळला. शर्टांच्या कारखान्याची बेकरी केली. भावाचा काका केला. शहराचं खेडं केलं, नवऱ्याला मारून टाकलं, ते एक बरं केलं. खिळासुद्धा काढला. राहिला तो एकच शब्द. तोही ती काढणार होती, पण मॅडमनी त्याखाली लाल रेघ ओढली आणि म्हणाल्या, बाकी काहीही बदल, 'पाहुणी' मात्र ठेव, सगळ्या कामात हाच तर हिरा आहे. मॅडमचंही बरोबरच होतं. हिरा होता खरा. फक्त तो कुणाच्या घरातून उचलला, हे ज्याला त्याला माहीत होतं.

कॉलेजच्या सभागृहात कार्यक्रम ठरला. पालकांना बोलावलं होतं. कॉलरताईला कुणी चल म्हटलं नाही, घर उघडं टाकून सगळ्यांनी कसं जायचं? तिनं मला पाठवलं. तू जा आणि ती कशी बोलली ते मला सांग, म्हणाली. मी गेले. भाऊ दुसऱ्या रांगेत होता, मी त्याच्या बरोबर मागे. त्याचा शर्ट इस्त्रीचा, आणि कॉलर तर मी झोपेतही ओळखली असती. दोन्ही टोकं सारखी, मानेला कुठे चुणी नाही.

काळे कपडे घातलेल्या मुली एकेक करून पुढे येत होत्या आणि एकेका देशातली बाई होऊन बोलत होत्या. वाळवंटातली बोलली, बर्फातली बोलली. लोक चुकचुकत होते. कुठल्या कुठल्या देशांत काय काय चालतं, असं माझ्या शेजारचा गृहस्थ बायकोला सांगत होता. शेवटी आमची भाची आली. हातात एक वळकटी घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मी चार दिवसांसाठी आले होते. अजून मी पाहुणीच आहे."

मी भावाच्या मानेकडे बघत बसले. ती आता लाल होईल, मग होईल, अशी वाट बघत होते. खाई त्याला खवखवे म्हणतात ना? याला साधा ठसकाही लागला नाही. पोरगी बोलत होती तसतसा तो पुढे पुढे झुकत होता. मध्येच त्यानं चष्मा काढून डोळे पुसले. तिचं बोलणं संपलं तेव्हा सगळ्यांत आधी टाळ्या यानं वाजवल्या, हात डोक्यावर नेऊन वाजवल्या, आणि बायकोला म्हणाला, "काय माणसं असतात बघ एकेक." वहिनीला सगळं पहिल्याच वाक्याला कळलं होतं, हे तिच्या पाठीवरून दिसत होतं. वहिनीला त्या पोरींनी एकही प्रश्न विचारला नव्हता, हे आपलं जाता जाता सांगते.

टाळ्या अजून चालूच होत्या. भावाच्या शेजारी त्याच्याच कार्यालयातला एक माणूस बसला होता, गरीब, साधा. तो मान वळवून अगदी आपुलकीनं म्हणाला, "तुमच्याकडेही एक पाहुणी असतात ना हो? अजून आहेत का?"

भावाचे हात तिथेच थांबले. पुढचं मी बघायला थांबले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलरताई आली, पण मशीनवर बसली नाही. उभ्या उभ्या सांगितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं, म्हणाली. ओरडला नाही. तिला चांगल्या खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, "तुला या घरात काय कमी केलं?" कधी उपाशी ठेवलं का? नाही. अंगावर हात टाकला? नाही. कधी जा म्हटलं? तेही नाही. प्रत्येकाला ती नाही म्हणत गेली, कारण ते खरंच होतं. मुलीला त्यानं एवढंच म्हटलं, की बापाला चव्हाट्यावर उभं केलंस. मग त्यानं ठरवलं. बहिणीला आजपासून घरात सगळं मिळेल. खोली, पलंग, कपाट. आणि ती कामाला जाणार नाही. या वयात दुसऱ्यांच्या कॉलरी शिवते म्हणूनच लोकांना बोलायला जागा मिळते.

"मी म्हटलं, दादा, मला काही नको, तेवढं काम राहू दे. तर म्हणाला, दार उघडं आहे, मी काही कोंडून ठेवत नाही. पण कामाला म्हणून या दारातून बाहेर पडलीस, तर लोक म्हणतील पोरगी बोलली ते खरं होतं. मग परत येऊ नकोस."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, माझ्याकडे चल. माझ्याकडे एक खोली, त्यात मी, मुलगा, सून आणि त्यांची दोन पोरं. तरी म्हटलं.

"तुझ्याकडे येऊ?" ती म्हणाली. "कोण म्हणून?"

एरवी माझं तोंड उघडायची खोटी की टोला तयार असतो. त्या दिवशी मी मुकाट काज पाडत बसले आणि एका शर्टाला नको तिथं पाडलं. खालून भावाच्या गाडीचा भोंगा वाजला. तिनं खिळ्यावरची पिशवी काढली आणि मास्तरांना सांगून निघाली. मालक जिन्यापर्यंत सोडायला आला, म्हणाला, कॉलरताई, पुन्हा वाटलं तर या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय ते मी त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर बघितलं. ती हसून हो म्हणाली होती.

त्यानंतर आमच्याकडे एक मुलगी कॉलरीवर बसवली. टोकं तिची कधी सारखी येत नाहीत. खिळ्याला ती आपली पिशवी अडकवते, आणि तिचा त्यात काय दोष?

पोरींच्या कामाला पहिलं बक्षीस मिळालं, ते दुसऱ्या एका मोठ्या शहरात वाचलं गेलं, आणि त्याच जोरावर भाचीला तिथं पुढच्या शिक्षणाला जागाही मिळाली. चारचौघांत एवढा मोठा मान मिळाला, तेव्हा बापाचा राग निवळला आणि त्यानं तिला जाऊ दिलं. जायच्या आधी ती मला भेटायला कारखान्यात आली. खाली मान घालून उभी राहिली. मॅडम म्हणतात की आपल्या कामाचा प्रत्यक्ष परिणाम झाला, असं तिनं सांगितलं. शेवटी एक ओळ जोडली आहे म्हणे, की संशोधनानंतर संबंधित स्त्रीला घरात स्वतंत्र खोली मिळाली.

"कुणाची खोली?" मी विचारलं.

"माझीच, मावशी. मी चालले ना आता."

मी तिला बोलणार होते. जिभेवर इतकं आलं होतं की मशीनचा आवाज बंद करून बोलावं लागलं असतं. पण तिचे डोळे भरलेले होते आणि तिला गाडी गाठायची होती. "मी काय करायला हवं होतं?" असं तिनं विचारलं. मला तिचा राग आला होता, आणि तिला काय सांगावं हेही मला माहीत नव्हतं, म्हणून राग जास्तच आला. जपून जा म्हटलं आणि पुढचा शर्ट ओढला.

कॉलरताईची कात्री मशीनच्या खणात राहिली होती. नवीन मुलगी त्या कात्रीनं कागद कापायला लागली तेव्हा मी ती काढून घेतली, आणि एका सुट्टीच्या दिवशी कॉलरताईच्या भावाच्या घरी गेले. दार भावानं उघडलं. ते आता भिंतीला टेकेपर्यंत उघडत होतं. मला बघून त्याचा चेहरा जरा आवळला, पण त्यानं या म्हटलं आणि आत तोंड करून हाक मारली, "अगं, तुझ्याकडे पाहुणी आली आहे."

त्यानं मला सगळं दाखवलं. हा पलंग. हे कपाट, तीन कप्पे तिचे एकटीचे. भिंतीला कपडे अडकवायला पितळी खुंट्या, एका ओळीत. "आता इथं कुणी हिला पाहुणी म्हणत नाही," तो म्हणाला. "घरची आहे ती. सांगा तुमच्या कारखान्यात." मी बरं म्हटलं. कॉलरताई पलंगाच्या कडेला बसली होती, पाय जमिनीला पुरते न टेकवता, डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघावी तशी. अंथरूण पलंगावर नव्हतं. वळकटी करून तिनं ते कोपऱ्यात उभं ठेवलं होतं. वहिनीनं चहा आणला, आणि कॉलरताई कप घ्यायला उठली तर भाऊ म्हणाला, तू बस, तू कशाला उठतेस. भांडीही आता तिला घासू देत नाहीत असं कळलं. बाजारात जायचं तर वहिनी सोबत असते. एकटी दिसली तर लोकांना वाटायचं, परत कामाला लागली.

भाऊ फोन घ्यायला बाहेर गेला तेव्हा मी पिशवीतून कात्री काढून तिच्या हातात दिली. तिनं दांड्यावरचा लाल दोरा जरा सैल झाला होता तो घट्ट केला, दोनदा हवेत चालवून बघितली, आणि मला परत दिली.

"इथं काय कापू? तिथंच असू दे."

आम्ही दोघी चहा प्यायलो. कारखान्यातलं काही बोलावं तर तिच्या जिव्हारी लागायचं, न बोलावं तर दुसरं बोलण्यासारखं काय होतं? मी नव्या मुलीच्या कॉलरींना नावं ठेवली. ती ऐकत होती आणि तिची जीभ नकळत ओठांवर आली होती. मी निघाले तशी ती दारापर्यंत आली. उंबरठ्याशी थांबली. बोळातून भावाचा बोलण्याचा आवाज येत होता, तो कुणाला तरी सांगत होता की हो, बहीण मजेत आहे, आता आरामच आराम.

तिनं माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, "पाहुणी होते ना भोकाडी, तेव्हा निदान जाता येत होतं."

मग आतून हाक आली, आणि ती आत गेली.